लॉक फाइल वाचताना

टीममध्ये नव्याने आलेल्या एका सहकाऱ्याने तिसऱ्याच दिवशी मला हाक मारली. आमचा प्रोजेक्ट त्याच्या संगणकावर सुरू होत होता, पण तारखा दाखवणारे पान उघडले की कोसळत होता. माझ्याकडे तोच प्रोजेक्ट आदल्या संध्याकाळपासून विनातक्रार चालू होता. आम्ही दोघांनी शेजारी बसून सगळे ताडून पाहिले. कोडची शाखा तीच, शेवटचा कमिट, म्हणजे नोंदवलेला बदल, तोच, ज्यावर आमचा जावास्क्रिप्ट कोड चालतो त्या नोडची आवृत्ती तीच, कोडमध्ये स्वल्पविरामाचाही फरक नाही. उतरवलेली पॅकेजे, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या तयार कोडच्या लायब्ररी, जिथे राहतात ते नोड मॉड्यूल्सचे फोल्डर त्याने पुसले आणि ती पॅकेजे आणणाऱ्या एनपीएम या साधनाची ‘एनपीएम इन्स्टॉल’ ही कमांड पुन्हा चालवली, तरी पान कोसळतच राहिले. मग मी माझ्याकडचेही तेच फोल्डर पुसले आणि तीच कमांड चालवली. दोन मिनिटांनी माझेही पान कोसळले.

ती दोन मिनिटे मला अजून आठवतात. मी कोडला हात लावला नव्हता, काही नवे मागितले नव्हते. आणि तरीही जी कमांड मी कित्येक वर्षे दिवसातून अनेकदा चालवत आले होते, तिने या खेपेला कालच्यापेक्षा वेगळे काही आणून ठेवले होते. दुपारपर्यंत शोधाशोध करून आम्ही मुळाशी पोहोचलो. आम्ही वापरत असलेल्या एका लायब्ररीला दुसरी लायब्ररी लागत होती, त्या दुसरीला तिसरी, आणि त्या तिसरीची नवी आवृत्ती आदल्या रात्री प्रकाशित झाली होती. क्रमांकातला फक्त शेवटचा आकडा एकाने वाढला होता. त्या तिसऱ्या लायब्ररीचे नाव आमच्यापैकी कोणीही त्या दिवसापर्यंत ऐकलेले नव्हते.

प्रोजेक्टला कोणती पॅकेजे हवीत याची यादी असलेल्या पॅकेज डॉट जेसन या फाइलमध्ये प्रत्येक नावापुढे आपण जे लिहितो तो आवृत्तीचा क्रमांक आहे, असेच मी इतकी वर्षे धरून चालले होते. प्रत्यक्षात तिथे आपण एक अट लिहीत असतो. एनपीएम एखादे पॅकेज नोंदवते तेव्हा क्रमांकाआधी आपणहून कॅरेटचे चिन्ह घालते, ‘^२.४.१’ असे लिहिलेले असेल तर त्याचा अर्थ २.४.१ किंवा तिच्यापुढची, पण ३.०.० च्या अलीकडची कोणतीही आवृत्ती चालेल, असा होतो. त्याऐवजी ‘~’ हे चिन्ह असेल तर मुभा आकसते आणि २.४ च्या आतल्याच आवृत्त्या चालतात. पहिला आकडा शून्य असेल तर कॅरेटही सावध होतो आणि ‘^०.३.१’ ला ०.४.० चालत नाही, कारण अजून स्थिर न झालेल्या लायब्ररीत मधला आकडा बदलला तरी बरेच काही मोडू शकते. या सगळ्यामागे सेमव्हर नावाचा संकेत आहे. जुना वापर मोडणारा बदल केला तर पहिला आकडा वाढवायचा, नवी सोय दिली तर दुसरा, निव्वळ दुरुस्ती केली तर तिसरा.

हा संकेत म्हणजे लायब्ररी लिहिणाऱ्याने वापरणाऱ्याला दिलेला शब्द आहे. तो पाळला गेला की नाही हे रजिस्ट्री, म्हणजे पॅकेजे जिथून उतरतात तो सामायिक साठा, तपासत नाही, आणि खरे तर तपासू शकतही नाही. आमच्या बाबतीत तर शब्द मोडलाही गेला नव्हता. तिसऱ्या लायब्ररीत तारखेचा मजकूर वाचण्यात एक जुनी चूक होती. लेखकाने ती प्रामाणिकपणे दुरुस्त केली आणि नियमाप्रमाणे शेवटचा आकडा वाढवला. दुसऱ्या लायब्ररीच्या लेखकाने मात्र ती चूक गृहीत धरून आपले गणित बसवले होते, त्यामुळे चूक गेली आणि गणित कोलमडले. दोघांनीही आपापल्या परीने बरोबर काम केले होते.

मग असे रोज का घडत नाही? याचे उत्तर ज्या फाइलमध्ये असते ती आमच्या प्रोजेक्टमध्ये नव्हतीच. प्रत्येक पॅकेजची नेमकी कोणती आवृत्ती उतरली हे नोंदवून ठेवणारी ती पॅकेज लॉक, म्हणजेच लॉक फाइल. तिच्यामुळे शाखा एकत्र करताना सारखे संघर्ष येतात, म्हणजे एकाच जागी दोघांनी केलेले बदल जुळत नाहीत, म्हणून कोणीतरी फार पूर्वी एनपीएमच्या सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ घालून ती तयार होणेच बंद करून टाकले होते. त्या ओळीखाली ना टीप होती, ना कारण. आम्ही ती ओळ काढली, इन्स्टॉल चालवले आणि फाइल तयार झाली. पॅकेज डॉट जेसनमध्ये आम्ही ३१ नावे लिहिली होती, आणि लॉक फाइलमध्ये १,१४२ पॅकेजांच्या नोंदी होत्या.

त्या आकड्याने मला धक्का बसला असे म्हणणे अपुरे होईल. मला प्रथमच कळले की आपल्या प्रोजेक्टमध्ये काय काय आहे असे कोणी विचारले असते, तर मी ३१ नावे सांगून खरे उत्तर दिल्याच्या समाधानात राहिले असते.

इतिहास थोडक्यात सांगते, कारण लॉक फाइल ही सुरुवातीपासून मिळालेली गोष्ट नाही. रायन डाल यांनी २००९ मध्ये नोड जगापुढे आणले आणि आयझॅक श्ल्यूटर यांनी २०१० मध्ये एनपीएम. पुढची कित्येक वर्षे आवृत्त्या पक्क्या करायच्या तर ‘श्रिंकरॅप’ नावाची वेगळी कमांड आठवणीने चालवावी लागे, आणि आठवणीने करण्याची कामे जशी राहून जातात तशी ती राहून जात असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये फेसबुकने इतर काही कंपन्यांच्या अभियंत्यांसह एनपीएमसारखेच काम करणारे यार्न प्रकाशित केले आणि त्यात लॉक फाइल आपोआप तयार होऊ लागली. २०१७ मध्ये एनपीएमच्या पाचव्या आवृत्तीने तेच आपलेसे केले.

त्या दुपारनंतर मी लॉक फाइल वाचायला शिकले. ही फाइल वाचण्यासाठी नसते, यंत्रासाठी असते, असे अनेक जण सांगतात. सहकाऱ्याचे बदल तपासताना, म्हणजे पुनरावलोकनात, ती मिटलेलीच ठेवण्याची पद्धत आहे. मला मात्र ती वाचल्याशिवाय चैन पडत नाही. तिच्यातली एकच नोंद जवळून पाहा. पहिल्या ओळीत नोड मॉड्यूल्समधला मार्ग असतो, म्हणजे हे पॅकेज नेमके कोठे ठेवले गेले. मग अटीशिवायची, ठाम आवृत्ती. मग ते कोठून उतरवले याचा पूर्ण पत्ता. त्याखाली ‘इंटिग्रिटी’ या नावाची एक लांबलचक, अर्थहीन भासणारी अक्षरांची रांग. ही रांग म्हणजे उतरवलेल्या संचाचा एसएचए-५१२ पद्धतीने काढलेला ठसा. पुढे कधीही, कोणाच्याही संगणकावर तोच संच उतरवताना त्यातला एक बाइट जरी वेगळा निघाला, तरी ठसा जुळत नाही आणि इन्स्टॉल तिथेच थांबते. म्हणजे क्रमांक तोच ठेवून आतला माल बदलण्याची वाट या एका ओळीने बंद केलेली असते. आणखी खाली, असलीच तर, ‘हॅज इन्स्टॉल स्क्रिप्ट’ अशी नोंद असते. तिच्याकडे मी पुढे वळणार आहे.

फाइल असणे आणि तिचे ऐकले जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शिकायला मला आणखी एक वर्ष लागले. ‘एनपीएम इन्स्टॉल’ लॉक फाइलचा मान राखते, पण पॅकेज डॉट जेसनमधली अट आणि लॉकमधली आवृत्ती यांचा मेळ बसला नाही तर ती लॉक फाइल मुकाट बदलून टाकते. २०१८ मध्ये आलेली ‘एनपीएम सीआय’ ही कमांड याबाबतीत कडक आहे. ती आधीचे नोड मॉड्यूल्स पूर्ण पुसते, लॉकमध्ये लिहिले आहे तेवढेच आणि तसेच बसवते, आणि मेळ बसला नाही तर एक अक्षरही न बदलता चूक दाखवून थांबते. बिल्ड करणाऱ्या, म्हणजे कोडपासून चालवण्याजोगे रूप तयार करणाऱ्या, सर्व्हरवर हीच कमांड हवी, याबद्दल माझ्या मनात यत्किंचितही शंका उरलेली नाही. ज्या संघर्षांना कंटाळून आमच्याकडे फाइलच बंद केली गेली होती, त्यांचा उपायही साधा निघाला. पॅकेज डॉट जेसनमधला संघर्ष हाताने नीट सोडवायचा आणि मग ‘एनपीएम इन्स्टॉल’ चालवायचे. लॉकमधल्या संघर्षाच्या खुणा एनपीएम स्वतः ओळखते आणि फाइल जुळवून देते.

नोड मॉड्यूल्समधल्या त्या मार्गांबद्दल थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण माझ्या दुसऱ्या मोठ्या धड्याचे मूळ तिथे आहे. सुरुवातीच्या काळात एनपीएम प्रत्येक पॅकेजच्या पोटात त्याचे स्वतःचे नोड मॉड्यूल्स ठेवत असे, त्याच्या पोटात आणखी एक, असे खोल खोल. एकच लायब्ररी दहा ठिकाणी दहादा उतरत असे आणि विंडोजवर फोल्डरांचे मार्ग इतके लांब होत की ते पुसतासुद्धा येत नसत. २०१५ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने हे झाड शक्य तितके सपाट केले. जी पॅकेजे वर आणता येतील ती सगळ्यात वरच्या पातळीवर आणायची, आणि एकाच पॅकेजच्या दोन न जुळणाऱ्या आवृत्त्या हव्या असतील तरच दुसरी खाली ठेवायची. जागा वाचली. पण नोड एखादे पॅकेज शोधताना त्या फाइलच्या फोल्डरपासून वर वर जात प्रत्येक नोड मॉड्यूल्समध्ये डोकावते, त्यामुळे सगळ्यात वर आलेले काहीही आपल्या कोडला सापडते, मग ते आपण मागितलेले असो वा नसो.

मी एकदा न वापरलेले एक पॅकेज काढून टाकले. कोडमध्ये त्याचे नाव कोठेही नव्हते; मी दोनदा शोधले होते. तरीही भलतीच एक फाइल मोडली, आणि तिथे हवे असलेले पॅकेज भलतेच होते. ते आमच्या यादीत कधीच नव्हते. काढलेल्या पॅकेजबरोबर ते आले होते, सपाट रचनेमुळे वर बसले होते, कोणाच्या तरी एडिटरने ते नाव आपोआप सुचवले होते, आणि दोन वर्षे ती फाइल त्या आगंतुकाच्या भरवशावर चालली होती. कोड ज्या पॅकेजवर अवलंबून असतो त्याला डिपेंडन्सी म्हणतात, आणि अशा न मागितलेल्या डिपेंडन्सीला फँटम. ‘एनपीएम एक्स्प्लेन’ ही कमांड पॅकेजचे नाव दिल्यावर ते कोणामुळे आले याची साखळी दाखवते. ती मी त्या दिवसापासून नियमाने वापरू लागले. एनपीएमला पर्याय असलेल्या पीएनपीएमने या प्रश्नाचा मुळातूनच विचार केला आहे. तिथे सगळ्या प्रोजेक्टांसाठी संगणकावर एकच साठा असतो, फाइली त्या साठ्याशी हार्ड लिंकने, म्हणजे प्रती न काढता, जोडलेल्या असतात, आणि प्रोजेक्टच्या नोड मॉड्यूल्समध्ये सगळ्यात वर फक्त आपण लिहिलेली नावे दिसतात. न मागितलेले सापडतच नाही. नवा प्रोजेक्ट सुरू करताना मी आज पीएनपीएम निवडते, आणि त्याचे कारण वेग नसून हा काटेकोरपणा आहे.

आता त्या इन्स्टॉल स्क्रिप्टकडे येते. पॅकेज बसवून झाल्यावर त्याने स्वतःची एक स्क्रिप्ट चालवावी अशी सोय एनपीएममध्ये पूर्वीपासून आहे. तिचे न्याय्य उपयोग आहेत. सी++ सारख्या भाषेत लिहिलेला भाग त्या संगणकासाठी कंपाइल करायचा असेल, म्हणजे त्याच्या यंत्रभाषेत बदलायचा असेल, तर ती लागते. पण या सोयीचा सरळ अर्थ असा की इन्स्टॉल म्हटल्याबरोबर, आपण त्या पॅकेजची एक ओळही वापरण्याआधी, अनोळखी व्यक्तीचा कोड आपल्या संगणकावर आपल्याच अधिकाराने चालू शकतो. आपल्या गुप्त किल्ल्या, खात्यांत प्रवेश देणारे टोकन, इतर फोल्डर, सगळे त्याच्या हाताच्या अंतरावर असते. आमच्या लॉक फाइलमध्ये ‘हॅज इन्स्टॉल स्क्रिप्ट’ शोधले तेव्हा १,१४२ पैकी सात नोंदी सापडल्या. त्यातल्या पाचांचे कारण समजण्यासारखे होते. उरलेल्या दोघांची स्क्रिप्ट मी पूर्ण वाचली. एक निव्वळ आभाराचा संदेश छापत होती आणि दुसरी एक फाइल एका जागेहून दुसऱ्या जागी नेत होती. दोन्ही निरुपद्रवी होत्या. पण त्या निरुपद्रवी आहेत हे मला वाचल्यावर कळले, आणि त्याआधी त्या माझ्या संगणकावर शेकडो वेळा चालून गेल्या होत्या.

ही भीती निराधार नाही, हे गेल्या दशकाने पुन्हा पुन्हा दाखवले. मार्च २०१६ मध्ये एका विकासकाने नावाच्या वादानंतर आपली सगळी पॅकेजे रजिस्ट्रीवरून काढून घेतली. त्यात लेफ्ट-पॅड होते, मजकुराच्या डावीकडे हव्या तितक्या जागा किंवा अक्षरे भरणारे, अवघ्या ११ ओळींचे. जगभरची बिल्ड थांबली आणि रजिस्ट्रीला ते काही तासांत परत ठेवावे लागले. पुढच्याच वर्षी तेच काम करणारे ‘पॅड स्टार्ट’ जावास्क्रिप्ट भाषेतच दाखल झाले. या घटनेवर बोलताना ११ ओळी स्वतः लिहिता येत नाहीत का असे विचारणारे पुष्कळ भेटतात. मला तो प्रश्न अन्यायकारक वाटतो, कारण बहुतेकांनी लेफ्ट-पॅड निवडलेच नव्हते. ते त्यांच्याकडे तिसऱ्या-चौथ्या पिढीतून आले होते, आमच्याकडे तारखांची ती लायब्ररी आली तसे.

२०१८ मधली इव्हेंट-स्ट्रीमची घटना मला त्याहून अधिक अस्वस्थ करते. मूळ लेखकाला त्या पॅकेजमध्ये आता रस उरला नव्हता. मदत करू इच्छिणाऱ्या एका अनोळखी व्यक्तीला त्याने अधिकार दिले. नव्या व्यक्तीने काही रास्त कामे केली आणि मग एक नवी डिपेंडन्सी जोडली. विषारी कोड इव्हेंट-स्ट्रीममध्ये नव्हताच, तो त्या डिपेंडन्सीत होता, आणि त्याचा रोख एका विशिष्ट बिटकॉइन वॉलेटच्या वापरकर्त्यांवर होता. मूळ लेखकाला दोष देणे सोपे आहे. पण वर्षानुवर्षे विनामोबदला, लाखो अनोळखी प्रोजेक्टांसाठी काम केलेल्या माणसाने थकून कोणाचा तरी मदतीचा हात धरला, यात मला गुन्हा दिसत नाही. आपण सगळ्यांनी ते पॅकेज फुकट उतरवले होते आणि त्याच्या थकव्याची चौकशी कोणीच केली नव्हती.

सप्टेंबर २०२५ मध्ये तर चॉक आणि डीबगसारखी, जवळपास प्रत्येक प्रोजेक्टच्या खोल तळाशी असणारी पॅकेजे एका बनावट ईमेलच्या जाळ्यात सापडलेल्या देखभालकर्त्याच्या खात्यातून बाधित झाली. त्याच महिन्यात एक किडाही पसरला, जो इन्स्टॉलच्या वेळच्या स्क्रिप्टमधून टोकन चोरत असे आणि त्याच टोकनाने पुढची पॅकेजे बाधित करत असे. त्या आठवड्यात आम्ही सर्व प्रोजेक्टांच्या लॉक फाइली एकामागून एक उघडून बाधित आवृत्त्यांचे क्रमांक शोधले. फाइली होत्या म्हणून ते काम अर्ध्या दिवसात संपले आणि उत्तर निश्चित मिळाले. आमच्याकडे त्या आवृत्त्या आलेल्या नव्हत्या. तारखांच्या त्या जुन्या प्रोजेक्टसारखी अवस्था सगळीकडे असती तर कोणत्या संगणकावर, कोणत्या दिवशी काय उतरले हे सांगण्याचे काही साधनच आमच्या हाती नसते.

त्यानंतर आम्ही थोडे नियम ठरवले. पीएनपीएमच्या दहाव्या आवृत्तीपासून डिपेंडन्सीच्या स्क्रिप्ट मुळातच चालत नाहीत, आपण नाव घेऊन परवानगी दिलेल्याच चालतात. जिथे एनपीएम आहे तिथे आम्ही स्क्रिप्ट बंद ठेवण्याचा पर्याय लावला. नुकतीच प्रकाशित झालेली आवृत्ती काही दिवस घ्यायचीच नाही, असेही ठरले, कारण बाधित आवृत्त्या बहुधा लवकर उघड होतात. पॅकेजांतल्या ज्ञात सुरक्षा-त्रुटी दाखवणारी ‘एनपीएम ऑडिट’ ही कमांड आम्ही चालवतो, पण तिच्या लाल अक्षरांपुढे गडबडून दुरुस्तीच्या ‘फिक्स’ला सक्तीचे ‘फोर्स’ जोडत नाही, कारण ती जोड पहिला आकडासुद्धा ओलांडून आवृत्ती बदलते आणि सुरक्षिततेच्या नावाखाली चालते काम मोडू शकते.

नवे पॅकेज घेताना मला आता थोडा वेळ लागतो. मी ‘एनपीएम व्ह्यू’ चालवून त्याला थेट किती पॅकेजे लागतात ते पाहते, शेवटची आवृत्ती केव्हा निघाली ते पाहते, देखभाल करणारी माणसे किती आहेत ते पाहते, आणि शक्य असेल तर मुख्य फाइल उघडून वाचते. पुष्कळदा ती वाचताना आनंद होतो. कोणीतरी आपल्याला कधीही न भेटता आपली अडचण आधीच ओळखलेली असते, कडेच्या शक्यता सांभाळलेल्या असतात, चाचण्या लिहिलेल्या असतात. असा कोड मी निःशंकपणे घेते. आणि काही वेळा असे दिसते की मला हवे तेवढे काम चार ओळींचे आहे आणि मागून येणारी पॅकेजे चाळीस. मग त्या चार ओळी मी लिहिते आणि त्यांची चाचणीही लिहिते.

तिसऱ्या दिवशी मला हाक मारणारा तो सहकारी आता नवा राहिलेला नाही. गेल्या आठवड्यात त्याने एक पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडमधले बदल स्वीकारण्याची विनंती, पाठवली. तारखांची ती पहिली लायब्ररी त्याने काढून टाकली होती आणि तिच्याजागी भाषेत आधीपासूनच असलेल्या सोयी वापरून छत्तीस ओळी लिहिल्या होत्या. पॅकेज डॉट जेसनमध्ये एकच ओळ वजा होती. लॉक फाइलमध्ये २१८. मी ती मिटलेली फाइल उघडली आणि जाणाऱ्या नोंदी वरपासून खालपर्यंत वाचल्या. जवळजवळ मध्यावर ते तिसऱ्या लायब्ररीचे नाव आले, आवृत्तीसह, ठशासह, लाल रंगात. त्याने त्या ओळीवर एक टिप्पणी आधीच लिहून ठेवली होती, ‘ताई, हीच ती.’ मी उरलेल्या नोंदी वाचून संपवल्या, सर्व्हरवर ‘एनपीएम सीआय’ हिरवे होण्याची वाट पाहिली आणि मग मंजुरी दिली.